ग्दान्स्कचे संग्रहालय आणि समुद्रावर लुटलेले चित्र : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात पोलंडमधील ग्दान्स्क या बंदराच्या शहरातील राष्ट्रीय संग्रहालयाविषयी एक लहान टिपण प्रसिद्ध झाले होते. हान्स मेमलिंग या चित्रकाराचे ‘अंतिम न्याय’ हे पंधराव्या शतकातील वेदीचित्र या संग्रहालयात आहे आणि ते १४७३ मध्ये भर समुद्रात एका जहाजावरून लुटून आणलेले आहे, एवढाच उल्लेख त्यात होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न बहुतेक पत्रलेखकांनी आपापल्या परीने विचारला आहे.

प्रश्न : माझे थोरले बंधू व्यापारी जहाजावर चीफ इंजिनियर आहेत. त्यांचे जहाज ग्दान्स्कला लागले असताना त्यांनी हे चित्र पाहिले आणि घरी आल्यावर त्याचे फार कौतुक केले. पण लुटीचा माल म्हणून जी वस्तू सर्वांना ठाऊक आहे, ती एखाद्या शहराने पाचशे वर्षे अभिमानाने कशी मिरवावी? लंडनहून वाघनखे साताऱ्याला आली तीही तीन वर्षांच्या बोलीवर, याचे वाईट वाटणारी मी आहे. त्याच न्यायाने इटलीने हे चित्र परत मागायला नको का? — एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याला एका वाक्यात उत्तर देणे योग्य होणार नाही. आधी घटना नीट पाहू.

हे चित्र आंजेलो तानी या फ्लॉरेन्सच्या गृहस्थाने करवून घेतले. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पेढीची एक शाखा आजच्या बेल्जियममधील ब्रुज या शहरात होती आणि तानी काही काळ तिचा प्रमुख होता. मेमलिंग ब्रुजमध्येच राहून काम करीत असे. १४६७ च्या सुमारास सुरू झालेले हे काम १४७३ पर्यंत पूर्ण झाले आणि चित्र फ्लॉरेन्सजवळच्या फिएसोले येथील मठाच्या चर्चमध्ये पाठवायचे ठरले. ते सान मात्तेओ नावाच्या गलबतावर चढवण्यात आले. जहाज वाटेत इंग्लंडच्या बंदराला लागून पुढे इटलीकडे जाणार होते, त्यावर बरगंडीच्या ड्यूकचे, म्हणजे ब्रुजवर तेव्हा राज्य करणाऱ्या सत्ताधीशाचे, निशाण होते, आणि मालात तुरटीपासून उंची कापडापर्यंत बरेच काही होते.

त्या वेळी इंग्लंड आणि हान्सा यांच्यात युद्ध चालू होते. उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्राकाठच्या व्यापारी शहरांच्या संघाला हान्सा म्हणत. ग्दान्स्क, म्हणजे त्या काळचे डान्झिग, या संघातले मोठे शहर होते. त्याच्या वतीने पाउल बेनेके नावाचा कप्तान ‘पेटर फॉन डान्झिग’ या मोठ्या जहाजानिशी शत्रूच्या मालावर पाळत ठेवून होता. एप्रिल १४७३ मध्ये त्याने सान मात्तेओ गाठले, लढून ताब्यात घेतले आणि चित्रासकट सगळा माल आपला केला. बेनेकेच्या जहाजाचा इतिहासही इथे सांगण्यासारखा आहे. ते मुळात ला रोशेलचे फ्रेंच जहाज. १४६२ मध्ये मीठ घेऊन डान्झिगला आले, तेथे वीज पडून त्याचे नुकसान झाले, देणी थकली, मालकीचा वाद लांबला आणि अखेर शहराने ते ठेवून घेऊन त्याची युद्धनौका केली. ज्या जहाजाने लूट केली त्याची मालकीही अशी वादातूनच आलेली होती.

बेनेकेच्या जहाजाची मालकी तोवर काही व्यापाऱ्यांकडे गेली होती; चित्र डान्झिगला पोहोचल्यावर त्यांनी ते संत मारिया चर्चला अर्पण केले. बरगंडी या युद्धात तटस्थ होते, त्यामुळे ड्यूकने निषेध केला. खुद्द पोपने, चौथ्या सिक्स्टसने, दटावले. ब्रुज शाखेचा तेव्हाचा प्रमुख तोमाझो पोर्तिनारी याने नुकसानभरपाईसाठी वर्षानुवर्षे दावे लढवले. चित्र मात्र जागचे हलले नाही.

ही चाचेगिरी होती का? बेनेकेकडे आपल्या शहराचा परवाना होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे युद्धकाळात परवाना घेऊन शत्रूची जहाजे पकडणारा कप्तान आणि बिनपरवाना लुटणारा चाचा हे दोन वेगळे मानले जात. ज्याचा माल गेला त्याला अर्थातच हा भेद पटत नसे. कोकणातील वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही : मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे आपल्या पाण्यात दस्तक मागत आणि दस्तक नसलेले जहाज पकडत, तेव्हा इंग्रज कागदपत्रांत त्यांची नोंद चाचे म्हणूनच होई. तरीही बेनेकेच्या बाबतीत एक गोष्ट उरतेच. त्याचे शत्रुत्व इंग्लंडशी होते. चित्र फ्लॉरेन्सच्या माणसाचे होते आणि जहाजावर तटस्थ सत्तेचे निशाण होते. त्या काळच्याच नियमांनी मोजले तरी ही पकड शंकास्पद ठरते, आणि आमच्या मते तिला लूट म्हणणेच योग्य आहे.

आता परत देण्याविषयी. येथे पुढचा इतिहास विचारात घ्यावा लागतो, कारण हे चित्र पुढे आणखी दोनदा लुटले गेले आणि दोन्ही वेळी ग्दान्स्कला परत आले. १८०७ मध्ये फ्रेंच सैन्याने वेढा घालून शहर घेतले, तेव्हा नेपोलियनच्या संग्रहालयाचा प्रमुख विव्हाँ देनाँ याने ते पॅरिसला नेले. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ मध्ये प्रशियाने ते परत मिळवले खरे, पण ते आधी बर्लिनला गेले आणि तेथेच ठेवून घेण्याचा प्रयत्न झाला. डान्झिगच्या नागरिकांनी हट्ट धरला आणि १८१७ मध्ये चित्र पुन्हा संत मारिया चर्चमध्ये आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनी ते बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी थुरिंजियाच्या भागात हलवले, तेथे ते सोव्हिएत सैन्याच्या हाती लागले आणि लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयात गेले. १९५६ मध्ये सोव्हिएत संघाने ते पोलंडला परत दिले.

वाघनखांच्या किंवा वसाहतींतून नेलेल्या इतर वस्तूंच्या बाबतीत मागणी करणारा समाज आजही तेथेच आहे. वस्तू गेल्याची खंत त्याच्या स्मरणात आहे आणि ती ज्या जागी होती ती जागाही ओळखता येते. मेमलिंगच्या चित्राचे तसे नाही. फिएसोलेच्या त्या चर्चमध्ये ते कधी पोहोचलेच नाही. तेथील कोणाही भाविकाने त्यापुढे कधी मेणबत्ती लावली नाही. मेदिचींची ब्रुजची शाखा लुटीनंतर काही वर्षांतच बंद पडली आणि पुढे पेढीही बुडाली. याउलट डान्झिगच्या लोकांनी ते तीनशेहून अधिक वर्षे आपल्या चर्चमध्ये पाहिले आणि पॅरिस व बर्लिन यांच्याकडून मागून परत आणले. आम्हांला असे वाटते की चित्र ग्दान्स्कलाच राहावे. मात्र ते ठेवण्याचा अधिकार बेनेकेच्या पराक्रमातून आलेला नाही, पुढच्या लोकांनी ते जपले त्यातून आलेला आहे. म्हणूनच त्या शहरात बेनेकेच्या शौर्याची कथा जितक्या उत्साहाने सांगितली जाते तितक्याच ठसठशीतपणे आंजेलो तानीचे नाव आणि चित्राचा ठरलेला मुक्काम सांगितला गेला पाहिजे. आपल्या बंधूंनी चित्राचे कौतुक केले यात काहीच वावगे नाही. ते कसे आले हे माहीत असूनही माणूस त्यापुढून लवकर हलत नाही, असेच ते चित्र आहे.

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवतो. हे चित्र छापील प्रतीवर किंवा पडद्यावर पाहताना विद्यार्थ्यांना नेमके काय दाखवावे? — एक शिक्षक, नागपूर

उत्तर : चित्र तीन लाकडी फळ्यांवर तैलरंगात केलेले आहे. मधली फळी उंचीला सुमारे २२० सेंटिमीटर आहे आणि दोन्ही बाजूंचे पंख बिजागऱ्यांवर मिटतात. मधल्या भागात वर इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त आहे, त्याच्या दोन्ही अंगांना प्रेषित, आणि खाली तराजू हातात घेतलेला देवदूत मीखाएल. थडग्यांतून उठलेली माणसे त्याच्या पायाशी आहेत. डाव्या पंखावर तरलेले जीव स्फटिकाच्या पायऱ्या चढून स्वर्गाच्या दारात जातात, उजव्या पंखावर शापित जीव आगीत कोसळतात. एवढी मांडणी प्रत्येक पुस्तकात असते. विद्यार्थ्यांना त्याच्या पुढचे दाखवावे.

सुरुवात मीखाएलच्या चिलखतापासून करावी. ते सोनेरी आहे आणि आरशासारखे घासलेले आहे. त्यात पाहिले की त्याच्या पुढ्यात घडणारे दृश्य वाकलेल्या पत्र्यात दिसावे तसे वक्र होऊन उमटलेले दिसते. ख्रिस्ताच्या पायाखालच्या गोलातही असेच प्रतिबिंब आहे. तैलरंगाचे पातळ थर एकावर एक चढवून धातूची चकाकी साधण्याचे हे फ्लेमिश चित्रकारांचे कसब. प्रत्यक्ष सोने न लावता सोने कसे दाखवतात, हे शिकवायला यापेक्षा चांगला नमुना मिळणे कठीण आहे.

त्यानंतर तराजू. एका पारड्यात गुडघे टेकून हात जोडलेला एक पुरुष आहे आणि त्याचे पारडे जड होऊन खाली गेले आहे. दुसऱ्या पारड्यातला पापी वर उचलला गेला आहे. मेमलिंग ज्याच्या कार्यशाळेत शिकला असे मानले जाते, त्या रोखिर व्हान डेर वेडनने फ्रान्समधील बोन येथील रुग्णालयासाठी याच विषयावर मोठे चित्र केले होते, आणि त्यात पापाचे पारडे खाली गेले आहे. शिष्याने गुरूची मांडणी घेतली आणि निकाल उलटा केला. हा फरक मुलांनी स्वतः शोधून काढावा, म्हणून दोन्ही चित्रे शेजारी ठेवून त्यांना नुसते पाहू द्यावे आणि आधी काही सांगू नये.

पारड्यातल्या पुरुषाचा चेहरा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. तो तोमाझो पोर्तिनारीचा आहे, म्हणजे तानीनंतर ब्रुज शाखेचा प्रमुख झालेल्या आणि पुढे या चित्रासाठी दावे लढवणाऱ्या माणसाचा. हा चेहरा कथिलाच्या वर्खावर वेगळा रंगवून मग फळीवर बसवलेला आहे. चित्रकाराने अशी रीत का वापरली याविषयी अभ्यासकांनी वेगवेगळे तर्क केले आहेत. आम्हांला सर्वांत साधा तर्क पटतो. व्यापारी कामात असत, त्यांना तासन्‌तास बसवून ठेवणे शक्य नसे, त्यामुळे चेहरा स्वतंत्रपणे करून आणून बसवणे सोयीचे पडत असावे.

चित्राचे पंख मिटले की बाहेरच्या बाजूला आंजेलो तानी आणि त्याची पत्नी कातेरिना तानाल्यी गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसतात. त्यांच्या मागे कोनाड्यांत मारिया आणि मीखाएल यांच्या मूर्ती आहेत, त्या मात्र दगडी शिल्पे वाटावीत अशा राखाडी छटांत रंगवल्या आहेत. रंगीत माणसे आणि करड्या मूर्ती यांतला फरक मुलांच्या सहज लक्षात येतो. ज्यांनी पैसे देऊन चित्र करवले त्यांना ते पुन्हा कधी पाहायला मिळाले नाही, हेही त्यांना अवश्य सांगावे.

आणखी एक गोष्ट वरच्या वर्गांसाठी. डान्झिगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हे चित्र यान व्हान आयकचे म्हणून दाखवले जाई. मेमलिंगचे नाव त्याला एकोणिसाव्या शतकात, शैलीचा तुलनात्मक अभ्यास सुरू झाल्यावर जोडले गेले. चित्रावर सही नाही. डोळ्यांनी तुलना करून चित्रकार ओळखण्याची ही पद्धत वर्गातही थोडीफार करून पाहता येईल.

प्रश्न : चित्र चर्चला अर्पण केलेले होते, मग ते संग्रहालयात कसे? चर्चने ते मागितले नाही का? — एक वाचक, वसई

उत्तर : मागितले आहे. १९५६ मध्ये चित्र परत आले तेव्हा पोलंडमध्ये साम्यवादी राजवट होती आणि शासनाने ते चर्चकडे न देता संग्रहालयाकडे दिले. राजवट गेली, तेव्हापासून संत मारिया चर्चच्या बाजूने मूळ चित्राची मागणी पुन्हा पुन्हा पुढे आली. चर्चमध्ये सध्या त्याची प्रतिकृती आहे.

वसईचे वाचक जुन्या चर्चच्या वेद्या पाहत वाढलेले असतात, त्यामुळे त्यांना या मागणीमागची भावना चटकन समजेल. वेदीचित्र हे प्रार्थनेसाठी असते आणि त्याची जागा वेदीवर असते. त्यातच डान्झिगचा इतिहास थोडा वेगळा आहे. सोळाव्या शतकात हे शहर प्रॉटेस्टंट झाले आणि संत मारिया चर्चही लुथरन पंथाकडे गेले. अनेक ठिकाणी अशा वेळी संतांची चित्रे आणि मूर्ती फोडल्या गेल्या. डान्झिगच्या लुथरन लोकांनी मात्र मेमलिंगचे चित्र जपले, इतकेच नव्हे तर कॅथलिक काळातील धर्मगुरूंची भरजरी वस्त्रेही जपली. १९४५ नंतर चर्च पुन्हा कॅथलिक झाले. म्हणजे ज्यांनी चित्र चारशे वर्षे सांभाळले तो पंथ आणि आज ते मागणारा पंथ एक नाही.

या वस्त्रांची हकिकत येथे सांगणे आवश्यक आहे. १९४५ मध्ये शहर सोडून पळालेल्या जर्मन लोकांनी त्या वस्त्रांचा मोठा भाग ल्यूबेकला नेला आणि ती दीर्घकाळ तेथील संग्रहालयात राहिली. २०२२ मध्ये जर्मनीतील इव्हँजेलिकल चर्चने ती ग्दान्स्कच्या संत मारिया चर्चला परत देण्याचे ठरवले. त्याआधी २०२० मध्ये याच चर्चची एक जुनी वेदी बर्लिनच्या एका चर्चमधून परत आली होती. कोणी न्यायालयात हरले म्हणून हे घडलेले नाही. दोन चर्चनी आपसांत बोलून ते ठरवले. ज्यांच्या घरच्यांना त्याच शहरातून हाकलले गेले, त्यांच्या वारसांनी हा निर्णय घेतला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. मेमलिंगच्या चित्राबाबत संग्रहालयाची बाजू आम्हांला सबळ वाटते, कारण सुमारे साडेपाचशे वर्षांच्या ओक लाकडाच्या फळ्यांना हवेतील ओलावा आणि तापमान काटेकोर राखावे लागते, आणि विटांनी बांधलेल्या त्या अवाढव्य चर्चमध्ये ते साधणे अवघड आहे. तरी मागणीला उर्मट उत्तर देऊन चालणार नाही. चर्चची मागणीही त्याच चित्राच्या मायेपोटी आहे.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याच्या छावणीत राहिलेल्या पोलिश कुटुंबांविषयी आमच्या घरी नेहमी बोलले जाते. त्यांचा आणि ग्दान्स्कचा काही संबंध आहे का? संग्रहालयाची जुनी मंडळी आणि नवी मंडळी यांचे काय झाले? — एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : संबंध आहे, पण तो थोडा दुरून येतो. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. हे लोक पूर्व पोलंडचे. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना गावांतून उचलून सायबेरिया आणि मध्य आशियात धाडले, नंतर सुटका झाल्यावर ते इराणमार्गे भारतात पोहोचले. युद्ध संपले तेव्हा त्यांची गावे पोलंडमध्ये राहिली नव्हती, कारण सीमा पश्चिमेकडे सरकवण्यात आली होती.

त्याच सरकलेल्या सीमेमुळे ग्दान्स्क पोलंडला मिळाले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० पासून, ते राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचे स्वतंत्र शहर होते आणि तेथील बहुसंख्य लोक जर्मन होते. १ सप्टेंबर १९३९ रोजी ‘श्लेस्विग-होल्स्टाइन’ या जर्मन युद्धनौकेने तेथील वेस्टरप्लाटे या ठिकाणच्या पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या आणि महायुद्धाला तोंड फुटले. मार्च १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य शहरात शिरले, तेव्हा जुन्या शहराचा बहुतेक भाग जळून गेला. त्यानंतर जर्मन रहिवासी गेले किंवा घालवले गेले, आणि त्यांच्या जागी मध्य पोलंडमधून, तसेच विल्नियस आणि इतर गमावलेल्या पूर्व प्रांतांतून माणसे आली. वळिवड्याच्या कुटुंबांनी जी भूमी गमावली, तिच्याच इतर लेकरांनी ग्दान्स्क पुन्हा वसवले.

संग्रहालयाची इमारत म्हणजे एके काळचा फ्रान्सिस्कन मठ. तेथे १५५८ मध्ये शहराने विद्यालय काढले. पुढे इमारत मोडकळीस आली आणि एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फ्राइटाग नावाच्या एका शिल्पकाराने ती पाडू नये म्हणून अक्षरशः ठाण मांडले. तो तेथेच राहिला आणि शहरात पाडल्या जाणाऱ्या वास्तूंचे कोरीव दगड आणि लाकूडकाम उचलून आणून तेथे साठवत गेला. याकोब काब्रून या व्यापाऱ्याने १८१४ मध्ये मृत्यूपूर्वी शहरासाठी ठेवलेला चित्रांचा आणि मुद्राचित्रांचा संग्रह त्यात मिळाला, आणि १८७० च्या दशकात येथे शहराचे संग्रहालय सुरू झाले.

१९४५ मध्ये ही इमारतही जळाली आणि संग्रह पांगला. शेवटचा जर्मन संचालक विली ड्रोस्ट याने युद्धकाळात पुष्कळ कलावस्तू खेड्यापाड्यांत हलवल्या होत्या. युद्धानंतर तो काही काळ तेथेच थांबला आणि त्या कोठे ठेवल्या आहेत हे शोधण्यात त्याने पोलिश अधिकाऱ्यांना मदत केली. दोन राष्ट्रे एकमेकांच्या रक्ताची तहानलेली असताना एका संग्रहालयाचा जुना रखवालदार नव्या रखवालदारांच्या हाती किल्ल्या देतो, हे दृश्य आम्हांला या साऱ्या इतिहासात सर्वांत थोर वाटते. १९४८ मध्ये संग्रहालयाचे दार पुन्हा उघडले आणि १९७२ मध्ये त्याला राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा मिळाला. ज्यांचे आजोबा विल्नियसजवळ शेती करीत होते अशा मुलांना आज तेथे डान्झिगच्या जर्मन सुतारांनी घडवलेली कपाटे आणि सोनारांनी घडवलेली भांडी दाखवली जातात, आणि ती मुले ती आपल्या शहराची म्हणून पाहतात.

प्रश्न : ग्दान्स्क म्हटले की गोदी आणि लेख वावेन्सा आठवतात. कामगारांच्या इतिहासाचे या संग्रहालयात काही प्रतिबिंब आहे का? — एक वाचक, लालबाग, मुंबई

उत्तर : मठातल्या मुख्य दालनांत फारसे नाही, कारण ती जुन्या कलेची दालने आहेत. पण या संग्रहालयाची नोमुस नावाची समकालीन कलेची शाखा २०२१ मध्ये जुन्या गोदीच्या आवारात सुरू झाली. ती इमारत आणि तिचा परिसर हाच अर्धा इतिहास आहे. डिसेंबर १९७० मध्ये भाववाढीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या कामगारांवर येथे गोळीबार झाला. ऑगस्ट १९८० मध्ये आना वालेंतिनोविच या क्रेनचालक स्त्रीला कामावरून काढल्याचे निमित्त होऊन लेनिन गोदीत संप सुरू झाला, वीजतंत्री असलेले वावेन्सा त्याचे नेते झाले, आणि ३१ ऑगस्टला शासनाने स्वतंत्र कामगार संघटनेचा हक्क मान्य केला. प्लायवुडच्या फळ्यांवर हाताने लिहिलेल्या २१ मागण्या आता युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत आहेत.

गिरणी संप पाहिलेल्या लालबागच्या वाचकांना एक तपशील विशेष भावेल. संपाच्या काळातच येझी यानिशेव्हस्की या ग्दान्स्कच्या कला अकादमीतून शिकून आलेल्या तरुणाने ‘सोलिदार्नोश्च’ (एकजूट, इंग्रजीत सॉलिडॅरिटी) हे कामगार चळवळीचे नाव लाल अक्षरांत रंगवले. अक्षरे मुद्दाम एकमेकांना चिकटलेली, थोडी वेडीवाकडी, गर्दीत माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात तशी आहेत आणि त्यांतल्या एका अक्षराच्या हातात पोलंडचा झेंडा आहे. विसाव्या शतकात ग्दान्स्कमध्ये झालेले सर्वांत प्रभावी कलाकाम कोणते असे विचारले तर आम्ही याचेच नाव घेऊ. मेमलिंगचे चित्र आणि हे अक्षरचित्र एकाच शहरात असणे हे त्या शहराचे भाग्य आहे. कामगारांच्या इतिहासासाठी मात्र गोदीच्या दाराशी २०१४ मध्ये उघडलेले युरोपीय सॉलिडॅरिटी केंद्र पाहावे. ते स्वतंत्र संस्थेचे आहे.

प्रश्न : या संग्रहालयातून चित्रे चोरीला गेल्याची बातमी वाचली होती. ती खरी का? — एक वाचक, पुणे

उत्तर : खरी आहे. १९७४ मध्ये एका सफाई करणाऱ्या बाईंच्या हातून भिंतीवरचे एक लहान चित्र खाली पडले, तेव्हा चौकटीत मूळ चित्राऐवजी मासिकातून कापलेला छापील कागद असल्याचे उघड झाले. धाकट्या पीटर ब्रॉइगेलचे निखारे वाहून नेणाऱ्या स्त्रीचे छोटे गोल चित्र आणि अँथनी व्हान डाइकचे क्रूसारोहणाचे एक लहान चित्र अशी दोन चित्रे नाहीशी झाली होती. ब्रॉइगेलचे चित्र नेदरलँड्समधील खौदा येथील संग्रहालयात प्रदर्शनासाठी आलेल्या चित्रांत ओळखले गेल्याचे वृत्त २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हान डाइकचे चित्र त्या वृत्तापर्यंत सापडलेले नव्हते.

प्रश्न : मुलगी ग्दान्स्कला वैद्यकीय शिक्षण घेते. तिला भेटायला जाऊ तेव्हा एका दिवसात काय पाहावे? — एक दांपत्य, नाशिक

उत्तर : मुख्य संग्रहालय टोरुन्स्का या रस्त्यावर, जुन्या शहराच्या दक्षिणेस आहे आणि प्रसिद्ध लांब चौकापासून चालत जाता येते. पोलंडमधील बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, त्यामुळे निघण्याआधी वेळा पाहून घ्याव्यात. आमचा आग्रह असा की सकाळी संग्रहालयात जाऊन मेमलिंगच्या चित्रापुढे सावकाश बसावे, शक्य असल्यास लहानशी दुर्बीण जवळ ठेवावी, कारण तराजूतला चेहरा आणि चिलखतातले प्रतिबिंब साध्या डोळ्यांना नीट दिसत नाही. त्यानंतर संत मारिया चर्चमध्ये जाऊन प्रतिकृती पाहावी आणि त्या उंच पांढऱ्या खांबांमध्ये मूळ चित्र कसे दिसत असेल याचा अंदाज घ्यावा. दुपारनंतर गोदीच्या दाराशी जावे. मारल्या गेलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ १९८० मध्ये उभारलेले ४२ मीटर उंचीचे तीन क्रूस तेथे आहेत, आणि त्यांच्या शेजारीच सॉलिडॅरिटी केंद्र आहे. वेळ उरल्यास नोमुस तेथून जवळ आहे.